सारंगखेड्याला घोडी बघायला गेलो, दोन दिवस धूळ खाल्ली, आणि जी कोणाला नको होती ती घेऊन आलो

घोडी घरी येऊन तीन महिने झाले तरी रोज कोणीतरी विचारतंच, ताई व्हिडिओ बघून मागवली का? अहो नाही. व्हिडिओत सगळीच घोडी राजाची असतात. सारंगखेड्याच्या बाजारात जाऊन, पाय बघून, दात बघून घेतली. तिथं कसं बघायचं ते बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, लांब होईल, चहा घेऊन बसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सारंगखेडा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यातलं तापीकाठचं गाव. एकमुखी दत्ताचं देऊळ आहे, दत्त जयंतीला म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. अलीकडे चेतक फेस्टिव्हल म्हणूनही जाहिरात होते. रेल्वेने जाणार असाल तर दोंडाईचाला उतरायचं. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, सगळीकडचे व्यापारी येतात, मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडची पांढरी नुकरा, शिवाय कुठल्याच एका जातीची नसलेली मिक्स घोडी, ती सगळ्यात जास्त. डिसेंबरातली खानदेशी थंडी असते, स्वेटर न्या, मी नेला नव्हता.

आम्ही म्हणजे मी आणि मामा. मामांकडे पूर्वी घोडं होतं, मी नाशिकला दोन वर्षं रायडिंग शिकलेली. आम्ही निफाडकडचे, कांद्यावाले. बजेट सव्वा लाख, त्यात टेम्पो वेगळा. पाहिजे होती शांत, चालायला चांगली, शेतातल्या वाटेनं रोज तासभर फिरवता येईल अशी घोडी. नाचणारी नको, वरातीची नको, शोमध्ये उभी करायची नको. हे पहिल्या दिवशी प्रत्येक व्यापाऱ्याला सांगितलं आणि प्रत्येकाने पहिल्यांदा नाचणारीच दाखवली. आणि बोलायचं मामांशी. मी समोर उभी, दोरी माझ्या हातात, आणि हा मामांना सांगतोय, साहब, मॅडम के लिए सफेद वाली ले लो, फोटो मस्त आएगा. एका खानदेशी भाऊंनी मात्र सरळ मलाच विचारलं, ताई लेवानी शे का नुसतीच देखानी शे? त्यांच्याकडे घेण्यासारखं काही नव्हतं पण चहा तिथंच प्यायलो.

आता मुद्द्याचं. या बाजारात घोड्याची किंमत पायावरून कमी आणि अंगावरच्या भोवऱ्यांवरून जास्त ठरते. केसांचे भोवरे हो, जसे आपल्या डोक्यावर असतात तसे. गळ्यावरचा भोवरा म्हणजे देवमण, तो असला की व्यापारी सगळ्यात आधी मान वर करून तोच दाखवणार, म्हणे देवमण असला की बाकीच्या सगळ्या खोडी माफ. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा म्हणजे पंचकल्याण, लगेच भाव वर. उलट डोळ्याखाली भोवरा असला तर आसूढाळ, मालकाला रडवणार. असेच वाईट मानलेले भोवरे, सापन वेगळी, खुंटा उखाड वेगळी, ही यादी संपत नाही. आणि ही यादी बघणारी गिऱ्हाईकं खुराखाली वाकून बघत नाहीत! मी मोजत बसले होते एका ठिकाणी, अर्ध्या तासात चार पार्ट्या आल्या एका अबलख घोड्याला बघायला, चौघांनीही भोवरे बघितले, फोटो काढले, एकानेही पाय उचलून बघितला नाही.

पहिल्या दिवशी मी पण भुलले होते, लपवत नाही. एक काळाभोर घोडा होता, कान आतल्या बाजूला वळलेले, टोकं एकमेकांना टेकणारी, मारवाडी म्हणलं की डोळ्यासमोर येतो तसा. व्यापारी म्हणाला बासष्ट इंच, पाच साल, एकदम गाय आहे. संध्याकाळी बघितला तेव्हा खरंच गाय होता, मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, मी पोटाखालून गेले तरी हलला नाही. मामा म्हणाले उद्या पहाटे न सांगता येऊ. दुसऱ्या दिवशी सहाला गेलो तर गाय कुठली, दोन माणसं धरून होती आणि पुढचा उजवा पाय टेकवताना डोकं वर जात होतं. मामांचं म्हणणं आदल्या दिवशी गुंगीची सुई मारलेली. व्यापारी म्हणाला थंडीने आखडलाय. असेल बाबा. आम्ही निघालो.

हे डोक्याचं नीट लक्षात ठेवा, फार कामाचं आहे. पुढच्या पायाने लंगडणारं घोडं दुखरा पाय टेकताना डोकं वर उचलतं आणि चांगला पाय टेकताना डोकं खाली जातं. बघायचं कसं तर खोगीर काढून, दोरी सैल सोडून, सरळ रेषेत दुडकी पळवायला सांगायचं, आधी आपल्यापासून लांब मग आपल्याकडे. आणि बाजारातल्या भुसभुशीत मातीत नाही, डांबरी रस्त्यावर न्यायला लावायचं. मऊ मातीत बारीक लंगड झाकली जाते, कडक जमिनीवर कानालाच कळते, चार टापांचा ठेका एकसारखा पडत नाही. डांबरीवर न्या म्हणलं की निम्म्या व्यापाऱ्यांना अचानक दुसरं गिऱ्हाईक आठवतं. तिथंच तुमची निम्मी निवड झाली समजा.

दातांचं पण सांगते कारण बाजारातलं प्रत्येक घोडं पाच वर्षांचं असतं. अडीच वर्षांच्या आसपास मधले दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे, म्हणजे पाचला तोंड पूर्ण होतं. इथपर्यंत अंदाज सोपा. पुढे खालच्या दातांवरचे काळे खड्डे झिजत जातात, मधल्यांचे सहाच्या सुमाराला, शेजारच्यांचे सातला, कडेचे आठला. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपासून उभी खाच दिसायला लागली तर दहा वर्षं झाली समजायची. एका पाच साल वाल्याच्या तोंडात ही खाच अर्ध्या दातापर्यंत आलेली, मामा नुसते हसले आणि म्हणाले, हा तुझ्या लग्नाच्या आधीचा आहे. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तेवढं नसेल, पण पंधरा नक्की.

उंचीला टेप न्या, शिवणकामाची चालते. मान संपते तिथल्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत सरळ मोजायचं, आणि घोडं सपाट जागेवर उभं आहे ना ते बघायचं, कारण पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून उभं करायची पद्धतच आहे. बासष्टची मोजली की एकोणसाठ भरतात. मला एकोणसाठ पुरे होते, सांगायचं एवढंच की तीन इंचाचे पैसे देऊ नका.

तर आमची घोडी. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण करून परत येताना, रांगेच्या एकदम टोकाला, कुमेत रंगाची, लाल अंग काळी आयाळ, ना झूल ना घुंगरू, साध्या दोरीनं बांधलेली. मालक व्यापारी नव्हता, गुजरातकडचा शेतकरी होता, त्याची एकच घोडी. मी लांबूनच वीस मिनिटं बघितली, हे सगळ्यांनी करा, मालकाचं लक्ष नसताना घोडं काय करतं ते बघा. लाकूड धरून हवा ओढत नव्हती, जागेवर डावी-उजवीकडे डुलत नव्हती, शेजारच्या घोड्यावर कान पाडत नव्हती, म्हणजे यातली एकही वाईट खोड नाही. एक पाय सैल सोडून उभी, कडबा खात. बाजूने ढोल गेला तर मान वळवून बघितलं आणि परत खायला लागली. मला तिथंच आवडली.

मग मामा पुढे गेले आणि पाच मिनिटांत परत आले, चेहरा पडलेला. डाव्या डोळ्याखाली भोवरा. आसूढाळ. म्हणूनच दोन दिवस तिच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं. मालक बिचारा स्वतःच सांगत होता, लपवत नव्हता. मामा म्हणाले पोरी पाय हजार चांगले असतील पण ही मालकाला रडवते असं म्हणतात. मी म्हणलं मामा आपण कांद्यावाले, आपलं रडणं पिढ्यान्पिढ्या चालूच आहे, घोडीवर कशाला ढकलता.

सगळं करून घेतलं. चारी पाय उचलून दिले, खुराच्या तळाची त्रिकोणी गादी घट्ट, कुजका वास नाही, खुरात गरमपणा नाही. डांबरीवर दुडकी पळवली, ठेका घड्याळासारखा. मागे वळवली, छोट्या गोलात फिरवली. मग मी बसले, आणि आधी मालकाला बसवलं, हे विसरू नका, मालकच बसायला तयार नसेल तर आपण का बसायचं. तिला रवाल चाल आहे, म्हणजे अंगाला धक्का न देणारी, ज्यांनी अनुभवली नाही त्यांना सांगून कळणार नाही, पाणी भरलेला तांब्या हातात धरून बसावं तशी. दात सात वर्षांचे, मालक पाच म्हणाला होता, मी दात दाखवल्यावर म्हणाला सहा, मग आम्ही दोघं हसलो. लगाम साधा होता, तोंडात जखमा नाहीत. बाजारात काटेरी लगाम अजून उघड विकायला असतात हे बघून डोकं फिरतं, ओझ्याच्या जनावरांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनुसार त्याला बंदी आहे आणि इथं माळेसारखे लटकवलेले.

ओळखीचे घोड्यांचे डॉक्टर आम्ही आधीच सांगून ठेवले होते, ते संध्याकाळी पोचले, फी अधिक गाडीचं डिझेल, बाजारातला सगळ्यात चांगला खर्च. डोळे, दात, छाती ऐकली, शांत उभी असताना मिनिटाला छत्तीस ठोके, अठ्ठावीस ते चव्वेचाळीसमध्ये पाहिजेत म्हणे. पाय एक मिनिट दुमडून धरायचा आणि सोडल्यावर लगेच पळवायचं, सांध्यात दुखणं असलं तर तेव्हा बाहेर येतं. आणि रक्ताचा ग्लँडर्सचा रिपोर्ट. हा बघितल्याशिवाय कोणीही, परत सांगते कोणीही, पैसे देऊ नका. हा रोग माणसालाही होतो, लस नाही, आणि घोडं पॉझिटिव्ह निघालं तर कायद्याने मारावं लागतं. एक व्यापारी मला म्हणाला होता रिपोर्ट गावाला राहिला, व्हॉट्सअॅप करतो. कर बाबा, आला की बोलू. तीन महिने झाले, करतोच आहे.

सौदा रुमालाखाली झाला. दलाल मध्ये, मालकाच्या आणि मामांच्या हातावर उपरणं, आत बोटं दाबायची, बाहेर तोंडावर काही नाही. मला हे बघायला फार आवडतं आणि समजत काही नाही. एक लाख साठ हजारांवरून सुरू झालं होतं, पंच्याण्णव हजारावर ठरलं, दलाली वेगळी. भोवरा नसता तर हीच घोडी माझ्या बजेटमध्ये आली नसती हे मालकही म्हणाला. पण दुसरी बाजू पण ऐका, उद्या मला विकायची झाली तर मलाही हेच ऐकून घ्यावं लागणार, तो भोवरा काही पुसला जात नाही. विकायच्या हिशेबाने घेणाऱ्यांनी माझं ऐकू नका. पावती मात्र करून घ्या, रंग, खुणा, वय सगळं लिहून, वाटेत पोलिसांनी थांबवलं तर तीच कामी येते.

टेम्पोवाल्याबद्दल न लिहिलेलं बरं. ठरवताना म्हणाला खाली वाळू टाकतो, आला तेव्हा मोकळा पत्रा. रात्री नऊला मी आणि मामा पाट्यांनी वाळू भरतोय. या सगळ्या फेरीला पाचपैकी एक तारा कापला तो त्याच्यामुळेच, बाजारामुळे नाही. मालकाकडून तीन दिवसांचा दाणा आणि चारा विकत घेतला, तिचा नेहमीचाच, हरभरा, कोंडा, कडबा, कारण घोड्याला एकदम खाणं बदललं की पोटशूळ होतो आणि त्याला उलटी करता येत नाही. आठ-दहा दिवस थोडं थोडं बदलत नेलं. सहा-सात तासांचा रस्ता, धुळे आणि मालेगावला थांबून पाणी दाखवलं, पहाटे घरी.

खाण्याचं राहिलंच. कळण्याची भाकरी, भरीत आणि मिरचीचा ठेचा, दोन्ही दिवस तेच खाल्लं, पूर्ण पाच तारे.

पुढच्या वर्षी जाणार असाल तर जायच्या आधी एक काम करा, आपल्या भागात नालबंद, म्हणजे घोड्याला नाल मारणारा, कोण आहे ते शोधा. मला वाटलं होतं नाशिकला पायलीला पन्नास मिळतील. एक मिळाला, तो पण दीड महिन्याने एकदा येतो आणि तीन वेळा फोन केल्यावर.

घोडी मजेत आहे. मामा दर रविवारी गूळ घेऊन येतात. घोड्याजवळ नेहमी डाव्या बाजूने जायचं हे मला लहानपणी त्यांनीच शिकवलं, पण हिच्याजवळ मात्र ते अजून उजवीकडूनच जातात, आणि ती बिचारी मान पूर्ण फिरवून गूळ घेते.