गोठलेला धबधबा चढायला लेह की स्पिती?

म्हापशाच्या भाच्याला जानेवारीत गाइड घेऊन गोठलेला धबधबा चढायचाय. सोबत बायको, अगदी नवखी.

लेहला विमान थेट सुमारे ३,२५० मीटरवर उतरवतं. आपल्यासारख्या दर्याकाठच्या माणसांना पहिले दोन-तीन दिवस नुसती विश्रांतीच लागते. हॉटेलचा तेवढा खर्च धराच. स्पितीला हिवाळ्यात शिमला-किन्नौरमार्गे गाडीनेच जावं लागतं. अंग मोडून येतं, पण उंची हळूहळू वाढते, शरीर सावरतं.

थंडी दोन्हीकडे कडाक्याची.

मला खरी काळजी तिच्या पायांची. नवखा घाबरला की टाच उचलतो आणि क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटांखाली बांधायच्या अणकुचीदार दातांच्या पट्ट्यांचे, पुढचे दात बर्फातून सुटतात. म्हणून ठिकाण कुठलंही असो, वरून दोर लावूनच चढवणारा गाइड बघ.

रजा आठवड्याचीच असेल तर लेह. दहा-बारा दिवस मिळत असतील तर तिच्यासाठी स्पितीच.