‘वॅक्स प्लांट’च्या चिठ्ठीखाली नेमकं काय विकलं जातं?

नर्सरीत टांगलेली कुंडी, जाडसर चकचकीत पानांचा खाली लोंबणारा वेल आणि चिठ्ठीवर फक्त ‘वॅक्स प्लांट’ किंवा ‘हँगिंग’. घरी आणल्यावर वर्ष-दोन वर्षांनी एका संध्याकाळी खोलीभर गोड वास सुटतो आणि मग शोध सुरू होतो, हे आहे तरी काय? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: होया. रोप अव्वल आहे, जरूर घ्या. मात्र चिठ्ठीवर विसंबू नका, ओळख पटवूनच पैसे द्या.

ओळख फुलांवरून सगळ्यात पक्की पटते. एका देठाच्या टोकाला छत्रीसारखा गुच्छ, त्यात पंधरा-वीस किंवा जास्तच फुलं. प्रत्येक फूल पाच पाकळ्यांची चांदणी, तिच्यावर बसलेली मेणासारखी दुसरी छोटी चांदणी, आणि बऱ्याचदा मधोमध चिकट मधाचा थेंब. फूल नसेल तर पानं बघा. ती समोरासमोर जोडीने येतात, आणि विक्रेत्याला विचारून पानाचं टोक मोडलं तर बहुतेक जातींत पांढरा चीक येतो. रुईच्याच कुळातलं झाड आहे हे. मनीप्लांटला असा चीक नसतो, पेपरोमियालाही नाही. लाल नळीदार फुलांच्या लिपस्टिक प्लांटला चीकही नाही आणि वासही नाही. खरा घोटाळा होतो तो डिस्किडियाशी (बाजारात ‘मिलियन हार्ट्स’): चीक तोच, पानंही जोडीने, पण फुलं तांदळाच्या दाण्याएवढी आणि मिटल्या तोंडाच्या सुरईसारखी. फुलात उघडी चांदणी दिसली नाही तर तो बहुधा होया नव्हे.

पुढचा प्रश्न जातीचा. फिकट गुलाबी फूल, लाल मध्य आणि बोटभर लांब गुळगुळीत पान म्हणजे कार्नोसा. याचीच पांढऱ्या कडांची ‘क्रिमसन क्वीन’ आणि पानाच्या मध्यभागी पांढरा रंग असलेली ‘क्रिमसन प्रिन्सेस’ सर्रास एकमेकींच्या नावाने विकल्या जातात. मुरडलेल्या पानांची दोरी दिसली तर ती कॉम्पॅक्टा. लांबट पानांवर चंदेरी ठिपके आणि गडद फुलं असतील तर प्युबिकॅलिक्स. लहान पानं, खरोखर लोंबणाऱ्या फांद्या, केसाळ पांढरी इवली फुलं आणि दालचिनीच्या जवळ जाणारा वास असेल तर लॅक्युनोसा. वासासाठीच घेत असाल तर आमची पसंती हिलाच. हवेचाही विचार करा: कार्नोसाला थोडी थंडी मानवते, त्यामुळे पुणे-नाशिककडे ती बरी फुलते. मुंबई-कोकणच्या उकाड्यात फिलिपिन्सची प्युबिकॅलिक्स किंवा लॅक्युनोसा घ्यावी.

साध्या रोपाची चार इंची कुंडी साधारण २०० ते ४०० रुपयांना मिळते, रंगीत पानांची त्याहून महाग. त्या किमतीत काय तपासायचं? वेलावर फुलाचा जुना, ठेंगणा, खवल्याखवल्यांचा देठ असेल तर रोप फुलायच्या वयाचं आहे. कलमाला पहिला बहर यायला बऱ्याचदा दोन-तीन वर्षं लागतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर पिठ्या ढेकूण आहे, ते रोप तिथेच ठेवा. आणि बदामाच्या आकाराचं एकच पान खोचलेली ‘केरी’ या होयाच्या जातीची कुंडी भेट म्हणून मुळीच घेऊ नका. पानाला मुळं फुटतात, ते वर्षानुवर्षं हिरवंही राहतं, पण खोडाचं पेर सोबत नसेल तर त्यातून वेल कधीच येत नाही. ही विक्री गिऱ्हाइकाची सरळ फसवणूक आहे.

नर्सरीच्या कुंडीतली सगळ्यात मोठी उणीव म्हणजे निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. वरून कोरडं, आत ओलं. पावसाळ्यात मुळं कुजतात, पानं मऊ पडून पिवळी होतात, आणि माणूस पाणी कमी पडलं समजून आणखी घालतो. आणल्यावर महिन्याभरात बदला: चार भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, तीन भाग परलाइट, दोन भाग गांडूळखत, एक भाग लोणारी कोळशाचा चुरा. कुंडी फक्त एक इंच मोठी, कारण मुळं दाटली की फुलं लवकर येतात. पान हलकेच वाकवून बघा. ताठ असेल तर पाणी नको, लवचिक वाटलं तर भरपूर द्या. पूर्वेची खिडकी उत्तम. वाढीच्या दिवसांत पंधरवड्याला १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत एक लिटर पाण्यात एक ग्रॅम पुरे.

फुलं गळाली की देठ कापायचा नाही! पुढचा बहर त्याच देठावर येतो. पानं नसलेली लांब शेपटीही छाटू नका, पानं नंतर फुटतात. कळ्या धरल्यावर कुंडी हलवली किंवा माती पार सुकली तर कळ्या झडतात. रुईवर येणारा पिवळा मावा कळ्यांवरही बसतो. पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाका, मग एक लिटर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि दोन-तीन थेंब द्रव साबण घालून संध्याकाळी फवारा.

ऑनलाइन मागवणार असाल तर विक्रेत्याकडून त्याच रोपाचा, खोडाची पेरं दिसतील असा फोटो मागा. नुसता फुलाचा फोटो पाठवणाऱ्याकडून घेऊ नका.