७५,६०० रुपये आणि माझी एक सही

मी एका पतसंस्थेत क्लार्क आहे. दिवसभर लोकांच्या सह्या पडताळतो. ‘र’ची शेपटी जरा वेगळी आली तरी पैसे काढायची स्लिप परत देतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणणार, एवढा शिकलेला माणूस आणि असा कसा फसला? घरात रोज रात्री दहाला दार वाजतंय की लाथ बसतेय याचा कानोसा घेत बसलेल्या माणसाला शिक्षण फार कामाला येत नाही.

धाकटा भाऊ सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होता. आठ वर्षं पीत होता, शेवटची दोन सकाळपासून. आईनं नवस केले. भावजयीनं कुठली तरी जाहिरात बघून चहात मिसळायची ‘बिनचव’ पावडर १,८५० रुपयांना मागवली. ते पैसे मी हिशोबात धरलेले नाहीत. (पावडर कुणी देत असेल तर घेऊ नका. दारू सोडवायच्या खऱ्या गोळ्यांतली एक अशी आहे की तिच्यावर दारू पोटात गेली तर उलट्या, धडधड होते, रक्तदाब खाली येतो. पिणाऱ्याला न सांगता ती देणं म्हणजे जिवाशी खेळ.)

मग हा ‘सर’ भेटला. साताऱ्याकडचा, असं म्हणाला. बोलणं मऊ, शर्ट इस्त्रीचा. “व्यसनमुक्ती केंद्रात नेणं सोपं असतं दादा, त्याला तयार करणं अवघड. ते आमचं काम. याला इंटरव्हेन्शन म्हणतात.” सगळ्या घरानं एकत्र बसायचं, प्रत्येकानं पत्र लिहून वाचायचं, चिडायचं नाही, शेवटी ‘आज येतोस का’ एवढंच विचारायचं. पद्धत खोटी नाही, हे आज कळतंय. माणूस खोटा होता.

केस घेण्याचे ५,१००. नियोजनाच्या बैठकीचे ११,०००. केंद्राची अनामत ४५,०००. गाडी आणि दोन माणसं ८,५००. चौथ्या दिवशी ‘औषधांचे’ ६,०००. एकूण ७५,६००.

आता ती बैठक. विश्रामबागेतलं हॉटेल, कोपऱ्यातलं टेबल. तासाभरात त्यानं विचारलं काय? शेतीचा सातबारा कुणाच्या नावावर, घरात कमावते किती, भाऊ अंगानं कसा आहे. रोज किती पितो, पहिला घोट किती वाजता, हात थरथरतात का, कधी फिट आली होती का, यातलं एक अक्षर नाही. भावजयीनंच विचारलं, “आमच्या डॉक्टरांना सांगून ठेवू का?” तर म्हणाला, “आत्ता कुणालाच नको वहिनी. ते औषधं सुरू करतील आणि आपला प्लॅन फिसकटेल. बाहेर कळलं तर तुमचीच बदनामी.”

इथं उठायला हवं होतं. त्याच टेबलावर मी अनामतीसाठी स्कॅनर उघडला आणि स्क्रीनवर नाव आलं कुठल्या तरी मोबाइल शॉपीचं. माझा अंगठा थांबला. नक्की थांबला. बाकीचे चहा ओतत होते, मी ते नाव दोनदा वाचलं. तो हसून म्हणाला, “मेव्हण्याचं खातं आहे, संस्थेचं केवायसी चाललंय.” केवायसी! हा शब्द मी दिवसातून चाळीस वेळा लोकांच्या तोंडावर फेकतो. आणि मी पिन टाकला. कारण खरं सांगायचं तर ‘कुणाला कळणार नाही’ हे त्याचं वाक्य मला हवंच होतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, साताऱ्यात परिवर्तन आहे, दोन्ही व्यसनमुक्ती केंद्रांची नावं मला ठाऊक होती. पण तिथं जायचं म्हणजे भावाला सांगायचं, सगळ्या घरानं जायचं, कुणी ओळखीचं दिसायचं. मला रात्री येऊन गुपचूप घेऊन जाणारा माणूस पाहिजे होता. तसलाच भेटला.

त्या रविवारी आम्ही पाच जण सोप्यात बसलो. आईनं शाळेच्या जुन्या वहीतल्या पानावर चार ओळी लिहिल्या होत्या. तिची तिसरी ओळ संपायच्या आत परसदारातून दोन गडी आत आले. भाऊ उठला, धडपडला. ‘सर’ मला म्हणाला, “दादा, पाय धरा.” मी धरले. गल्लीनं बघितलं ते बघितलंच, गुप्ततेचे एवढे पैसे मोजून. एक चप्पल उंबऱ्यात राहिली, ती दुसऱ्या दिवशी भावजयीनं आत घेतली.

बॉनेटवर कागद ठेवून त्यानं माझी सही घेतली. मी वाचला नाही. नंतर फोटोत पाहिलं, त्यावर डॉक्टरचं नावच नव्हतं. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा दारूच्या आजारालाही लागू होतो. माणूस स्वतः तयार नसेल तर नोंदणी असलेल्या संस्थेतच, नामनिर्देशित प्रतिनिधीनं (पेशंटच्या वतीनं ठरवायला नेमलेल्या माणसानं) अर्ज करून आणि दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासल्यावर भरती करता येतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. तेही आधी जास्तीत जास्त ३० दिवस. भावानं सही केली नाही म्हणून मोठ्या भावाची चालते, असं कुठंही लिहिलेलं नाही. केंद्रवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखव. भिंतीवरची फ्रेम नको, नंबर सांग.

केंद्र म्हणजे पेठ नाक्याच्या पुढं आत रस्त्याला एक फार्महाऊस. दोन खोल्या, सतरा माणसं, एक संडास. फोनवर बोलू देत नव्हते, “पंधरा दिवस भावनिक संपर्क बंद.” जिथं पेशंटशी बोलू देत नाहीत तिथून त्याच दिवशी माणूस उचलून आणा. आम्ही नऊ दिवस थांबलो. नवव्या दिवशी तिथून सुटलेल्या एकाच्या बायकोचा फोन आला: तुमच्या माणसाला दुसऱ्या रात्री फिट आली होती, हे लोक म्हणाले नाटक करतोय.

जाऊन भांडून आणला. जीभ चावलेली, कपाळावर खोक. मिरजेच्या सरकारी दवाखान्यातल्या पोरसवदा डॉक्टरणीनं उभ्या उभ्या विचारलं: रोज किती, शेवटची कधी, आधी फिट आली होती का? दोन मिनिटं. त्या ‘सर’ला तीन भेटींत सुचलं नव्हतं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येते, भ्रम होतो, माणूस दगावतोही, म्हणून तेव्हा औषधं आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात, असं ती सांगत होती आणि मी फरशीकडं बघत होतो. तिथं केसपेपरपासून सगळा खर्च धरून ७५,६००च्या जवळपासही गेला नाही.

आता अधिकारी मंडळी. पहिल्या ठाण्यात: “पैसे इथं दिले, पण कोंडलं तिकडं. तिकडं जा.” तिकडं: “व्यवहार सांगलीत झाला ना?” भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी हे कलम लिहून नेलं, तर हवालदार कागद उलटा करून बघत म्हणाला, “वकील आहात काय?” मग साहेब: “भाऊ तुमचा, सही तुमची, पाय तुम्ही धरले. गुन्हा कुणावर टाकू?” १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे पिन तुम्हीच टाकलाय. एका कार्यालयानं आरोग्य खात्याकडं पाठवलं, आरोग्यवाल्यांनी “अशा नावाचं केंद्र आमच्या यादीत नाही” म्हणून हात झटकले. अरे, यादीत नाही हीच तर तक्रार आहे! पोचपावती मागितली तर शिक्का साहेबांच्या कपाटात, साहेब दौऱ्यावर. पाच हेलपाटे, पाच अर्ध्या रजा. पाचव्या वेळी शिपायानं खालच्या आवाजात विचारलं, “ते केंद्र कुठं आहे म्हणालात? आमच्या मेव्हण्याला टाकायचा होता.”

तुमच्या घरी असं कुणी असेल तर आधी १४४४६ लावा, व्यसनमुक्तीचा फुकट नंबर आहे. १४४१६ मानसिक आरोग्याचा. फीची पावती संस्थेच्या नावाची घ्या, ‘देणगी’ लिहिलेली नको. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू दे की! मी लपवलं नसतं तर तिसऱ्या गल्लीतल्या माणसानं मला बैठकीआधीच सावध केलं असतं. त्याचे याच माणसानं ४०,००० नेलेत, हे मला नंतर कळलं. तोही लपवूनच बसला होता.

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत २ वर्षं. भाऊ मिरजेला ओपीडीत जातो, स्वतःचा स्वतः, बसनं. मध्ये एकदा घसरला, परत गेला. माझ्याशी कामापुरतं बोलतो. तक्रारीसोबत त्याचं प्रतिज्ञापत्र लागणार होतं. मी कागद पुढं केले. त्यानं चष्मा लावला, सहाही पानं वाचली, एका ठिकाणी तारीख चुकली होती ती दुरुस्त करायला लावली आणि मग सही केली.