कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं कागदपत्रांचं दुकान: परदेशी निघालेल्या ट्रान्स मंडळींनी आधी इथं जावं

प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पासपोर्टचा अर्ज, सगळं इथं एकाच टेबलावर होतं. मी ट्रान्स बाई, शिवाजी विद्यापीठाची पदवीधर, आता टोरंटोत नोकरी करते. घरच्यांनी संबंध तोडल्यावर विचारायला कुणीच नव्हतं, म्हणून या दुकानाच्या काकांचं सांगणं इतरांपर्यंत पोचावं असं मनापासून वाटतं.

मला थेट पासपोर्टचा अर्ज भरायचा होता. काकांनी थांबवलं. "ताई, पहिलं कलेक्टरचं ओळख प्रमाणपत्र काढा. जिल्ह्यात सलग 12 महिने राहिलेलं लागतंय. एकदा विमानात बसला की ते जमायचं न्हाई." 2019च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्याखालचा तो अर्ज त्यांनी राष्ट्रीय पोर्टलवर भरून दिला. त्यासाठी शारीरिक तपासणी लागेल, ही माझी सगळ्यात मोठी भीती होती, पण तेव्हा ती लागली नाही. मग राजपत्रात नवं नाव, मग आधार, पॅन, मार्कलिस्ट आणि शेवटी पासपोर्ट. हा क्रम मोडू नका. कॅनडात बँकेचं खातं, घरभाड्याचा करार, पदवीची पडताळणी, सगळीकडं मला एकच नाव दाखवता आलं. परक्या गावात पहिल्याच आठवड्यात जुन्या नावाचा खुलासा करत बसणं किती जीव खातं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

दर वाजवी, पावती मिळते. जुनं नाव काकांनी एकदाही मोठ्यानं उच्चारलं नाही.

दुकान मात्र चिंचोळं आहे, मागची माणसं खांद्यावरून कागद वाचतात. काका, आत एक पडदा लावाच. संध्याकाळी गर्दी असते, सकाळी जा.