विकिस्रोत: छापील संग्रहासाठी चोख, हस्तलिखितांसाठी अपुरं

जुनी छापील पुस्तकं किंवा नियतकालिकं शोधता येतील अशा मजकुरात आणायची आहेत आणि हाताशी स्वयंसेवक आहेत, तर विकिस्रोत (विकिपीडियाच्या परिवारातलं, स्वयंसेवकांनी चालवलेलं मुक्त ग्रंथालय) बिनदिक्कत निवडावं. फुकट आहे म्हणून नव्हे, तर कोणतं पान कुठवर आलंय हे तिथे एका नजरेत कळतं म्हणून.

स्कॅनची पीडीएफ किंवा डेज्याव्हू (DjVu) फाइल विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे त्याच परिवाराच्या सामायिक फाइल-भांडारात, चढवायची आणि विकिस्रोतवर तिचं अनुक्रमणिका पान तयार करायचं. मग प्रत्येक पान उघडलं की एकीकडे चित्र, दुसरीकडे मजकुराची चौकट. ओसीआरचं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवण्याचं, बटण तिथेच आहे. देवनागरीला गूगलचं ओसीआर इंजिन सहसा टेसरॅक्ट या दुसऱ्या इंजिनापेक्षा बरं पडतं. दोन स्तंभांच्या पानांवर मात्र ते कधीकधी ओळी आडव्या वाचून सगळी खिचडी करतं. तेव्हा प्रगत पर्यायांत जाऊन एकेक स्तंभ आखून द्यावा.

फाइल चढवण्याआधी पानं मोजा. स्कॅन करताना एखादं पान निसटलं आणि अर्धं पुस्तक तपासून झाल्यावर ते लक्षात आलं, तर दुरुस्त फाइल टाकताच तिथून पुढे चित्र एका पानाचं आणि मजकूर दुसऱ्याचा. मग एकेक पान हलवत बसायचं! स्कॅन 300 डीपीआयच्या (इंचाला 300 बिंदूंच्या) खाली नको, नाहीतर अनुस्वार आणि कागदावरचा डाग यांत फरक उरत नाही.

खरी ताकद रंगांत आहे. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पडताळलं की हिरवं. पिवळं करणाऱ्याला तेच पान हिरवं करता येत नाही आणि खातं नसलेल्याला रंग बदलताच येत नाही. ही अडवणूक वाटते, पण हवीच. ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’ पहिल्या वाचनात सर्रास सुटतात. त्याहून त्रासदायक म्हणजे उत्साही शुद्धलेखन. जुन्या छपाईतलं ‘घरांत’, ‘केलें’, ‘नाहीं’ स्वयंसेवक आपसूक आजच्यासारखं करून टाकतात. ‘छापलंय तसंच टंकावं’ हा नियम पहिल्याच बैठकीत, नमुना पान समोर ठेवून सांगावा. पानाच्या माथ्यावरचं शीर्षक आणि पृष्ठक्रमांक वेगळ्या चौकटीत जातात, नाहीतर सलग मजकुरात ते मध्येच उगवतात.

उणिवाही आहेत. संपादन खिडकीतले साचे (मांडणीसाठीचे तयार संकेत) नवख्याला बुजवतात; सुरुवातीला त्याच्याकडे नुसतं मजकूर जुळवायचं काम द्यावं, मांडणी जाणत्याने करावी. तक्ते ही तर डोकेदुखीच. हस्तलिखितांत एकाच शब्दाची तीन वाचनं संभवतात, पण इथे पानाला मजकूर एकच. तिथे झूनिव्हर्स हे लोकसहभागाचं संकेतस्थळ बरं: तेच चित्र अनेकांना स्वतंत्रपणे दाखवून उत्तरं ताडून पाहता येतात, फक्त त्यांची जुळणी नंतर आपल्यालाच करावी लागते.

प्रताधिकार संपलेलं किंवा मुक्त परवान्याचं साहित्यच विकिस्रोतवर चालतं. खासगी पत्रव्यवहार ‘बघू, नंतर काढू’ म्हणून चढवू नये. मजकूर काढला तरी जुन्या आवृत्त्या पानाच्या इतिहासात राहतात. तयार पुस्तक ईपब किंवा पीडीएफ म्हणून उतरवून घेता येतं, पण ते संस्थेच्या सूचीशी आपोआप जोडलं जात नाही. म्हणून पुस्तकाचा संस्थेतला दाखल क्रमांक कॉमन्सवरच्या फाइलच्या वर्णनात पहिल्याच दिवशी लिहावा.