सतरा किलोचा की दोन किलोचा? मुंबईच्या खोलीसाठी पॉवर अ‍ॅम्प निवडताना

माझ्या दादरच्या घरी सतरा किलोचा क्लास एबी पॉवर अ‍ॅम्प आहे. कांदिवलीला मावसभावाकडे दोन किलोचा क्लास डी. (पॉवर अ‍ॅम्प म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारी पेटी. एबी आणि डी या तिच्या दोन जाती, फरक पुढे येतोच.) गेल्या मे महिन्यात आम्ही दोघांनी पंधरा दिवसांसाठी अदलाबदल केली. त्याचा अ‍ॅम्प माझ्याकडे खांद्याच्या पिशवीतून, स्लो लोकलने आला. माझा त्याच्याकडे टॅक्सीने गेला, आणि तिथे लिफ्ट बंद असल्यामुळे तिसऱ्या मजल्यापर्यंत दोघांनी धरून चढवला. तुलनेचा पहिला मुद्दा तिथे जिन्यातच निकालात निघाला.

तुम्ही नवीन पॉवर अ‍ॅम्प घ्यायच्या विचारात असाल तर दुकानात जाण्याआधी सध्याच्या इंटिग्रेटेड अ‍ॅम्पची (व्हॉल्यूम आणि ताकद एकाच पेटीत) किंवा एव्ही रिसीव्हरची (टीव्ही-सिनेमासाठीची तशीच पेटी) पाठ बघा. ‘प्री आऊट’ लिहिलेली सॉकेटं, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणातून गेलेला सिग्नल बाहेर देणारी, आहेत का? असतील तर पुढचं वाचा. नसतील तर आधी प्रीअ‍ॅम्प (व्हॉल्यूम सांभाळणारी वेगळी पेटी) लागेल, किंवा स्वतःचा व्हॉल्यूम असलेला डॅक (डिजिटल संगीताचा अ‍ॅम्पला चालेल असा सिग्नल करणारी पेटी), आणि बजेट तिथेच बदलतं. शेजारी ‘रेक आऊट’ किंवा ‘टेप आऊट’ असतं, दिसायला अगदी तसंच. त्यावर व्हॉल्यूमच्या बटणाचा काही अधिकार चालत नाही, सिग्नल कायम पूर्ण पातळीवर बाहेर येतो. पहिल्या दिवशी अंधारात, कपाटामागे हात घालून मी नेमकी तीच जोडली. तबल्याची पहिली थाप पडली आणि शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या. स्पीकर वाचले ते नशिबाने.

वॅटबद्दल फार बोलण्यासारखं नाही, पण आकडे डोक्यात असू द्या. घरगुती स्पीकरची संवेदनशीलता साधारण ८६ डेसिबल धरा, म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८६. अडीच मीटरवरच्या सोफ्यावर दोन्ही स्पीकर मिळून ८० च्या आसपास ऐकू येतं, आणि हे बऱ्यापैकी मोठ्याने ऐकणं झालं. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०. म्हणजे ५० वॅटचा अ‍ॅम्प आणि १०० वॅटचा अ‍ॅम्प यांत तुमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ३ डेसिबलचा फरक, आणि पैशांचा फरक त्याहून कितीतरी मोठा. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. भिंतीला भिंत लागलेल्या इमारतीत २०० वॅट कुठे खर्च करणार?

उष्णता

इथे मात्र थांबून बघायला हवं, कारण मुंबईत निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो.

क्लास एबीमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टर गाणं वाजत नसतानाही थोडे उघडे ठेवलेले असतात, म्हणजे सिग्नल वरून खाली जाताना मध्ये अडखळत नाही. त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. क्लास डीमधले ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, सेकंदाला साधारण चार ते सहा लाख वेळा, आणि शेवटी एक फिल्टर त्यातून आवाज वेगळा काढतो. (डी म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी यांच्या पुढचं अक्षर, एवढंच.) पूर्ण ताकदीवर क्लास डीची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. एबी ज्याच्यावर बेतलेला आहे त्या क्लास बीची कागदावरची कमाल मर्यादाच ७८.५ टक्के आहे, आणि एबी प्रत्यक्षात तिच्या बराच खाली राहतो. घरी हळू ऐकताना तर त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते.

प्लगमध्ये लावायच्या मीटरवर नुसता चालू ठेवलेला माझा अ‍ॅम्प ५५ वॅट खात होता, भावाचा ९. रोज चार तास धरले तर महिन्याला साडेसहा युनिट विरुद्ध एक. बिलात याने आभाळ कोसळत नाही. पण हे ५५ वॅट तुमच्याच खोलीत उष्णता होऊन उतरतात, तेही मे महिन्यात, जेव्हा पंखा गरम हवाच फिरवत असतो. भावाने माझा अ‍ॅम्प त्याच्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवून बघितला. तासाभराने हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर) हात ठेववत नव्हता. शेवटी तो जमिनीवर, टीव्हीच्या बाजूला आला आणि मावशीने त्याच्यावर पेपरचा गठ्ठा ठेवायला सुरुवात केली. क्लास एबी घ्यायचा तर वर निदान वीतभर मोकळी जागा आणि मागून हवा हवी. ती जागा आज घरात दिसत नसेल तर अ‍ॅम्प आल्यावर ती उगवणार नाही.

जड अ‍ॅम्पच्या बाजूनेही एक गोष्ट सांगतो. पावसाळ्यात समुद्राच्या वाऱ्याने माझ्याकडे कनेक्टर काळे पडतात, पण रोज तापणाऱ्या अ‍ॅम्पच्या आत ओल टिकत नाही.

आवाज

भाव करताना सगळे यावरच बोलतात, म्हणून आम्ही जरा नीट बघितलं. एक अ‍ॅम्प दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा वाजला तर कानाला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. त्यामुळे १०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरला आणि दोन्ही अ‍ॅम्पचं व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवलं. एक टक्का म्हणजे साधारण ०.१ डेसिबल. मग एकाने पडद्यामागे तारा बदलायच्या, दुसऱ्याने डोळे मिटून बसायचं.

तानपुऱ्याची जवारी, भीमसेन जोशींची तार सप्तकातली तान आणि एकल तबलावादनातल्या डग्ग्याची मींड अशी तीन रेकॉर्डिंग निवडली. माझ्या घरी, माझ्या ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध) बुकशेल्फ स्पीकरवर, दहापैकी सहा वेळा मी बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. सतरा किलोचा अभिमान होता, तो जरा उतरला.

कांदिवलीला चित्र थोडं वेगळं होतं. भावाचे स्पीकर ४ ओहमचे, आणि त्याच्या अ‍ॅम्पवर वरचे स्वर जरा दबलेले वाटत होते. कारण गूढ नाही. स्वस्त क्लास डीमध्ये आउटपुट फिल्टर फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुट तपासून चूक सुधारणाऱ्या जोडणीच्या, बाहेर राहतो, त्यामुळे तारस्वरांचा तोल स्पीकरच्या ओहमनुसार हलतो: ८ ओहमवर किंचित वर, ४ वर किंचित खाली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३२५५ चिपवरचे काही अ‍ॅम्प फिल्टरनंतरचा फीडबॅक देऊन हे सुधारतात, काही देत नाहीत. विचारून घ्या. हायपेक्सच्या एनकोर किंवा प्युरिफायच्या मॉड्यूलवर बांधलेल्या अ‍ॅम्पमध्ये ही अडचण राहत नाही, पण किंमत वर जाते. क्लास एबीला हा प्रश्नच नाही, कारण त्याच्या आणि स्पीकरच्या मध्ये असला फिल्टर नसतो.

आईची मात्र वेगळीच तक्रार आली. भावाचा अ‍ॅम्प चालू असताना तिच्या रेडिओवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी खरखरायची. ती ५५८ किलोहर्ट्झवर, अ‍ॅम्पचं स्विचिंगही त्याच टापूत. रेडिओ स्वयंपाकघरात नेला, भांडण मिटलं.

जोडताना

घरघर ऐकू आली तर दोष आधी अ‍ॅम्पला देऊ नका. आपल्याकडे नेहमीचा गुन्हेगार म्हणजे गच्चीवरून आलेली केबल टीव्हीची तार. सेट टॉप बॉक्स अ‍ॅम्पला जोडलेला असला की केबलची अर्थ आणि घरची अर्थ यांचं वर्तुळ तयार होतं. केबलची तार काढा. घरघर थांबली तर उत्तर सापडलं. अर्थची पिन तोडून घरघर घालवणारे वायरमन मी पाहिलेत. धातूच्या पेटीच्या उपकरणाला ते कधीही करू देऊ नका. जुन्या इमारतीत तीन पिनी सॉकेट दिसतं, पण मागे अर्थची तारच नसते. जड अ‍ॅम्प घेण्याआधी हे तपासून घ्या. दोन पिनी अ‍ॅडॅप्टरवर चालणाऱ्या छोट्या क्लास डीला अर्थ लागत नाही, त्यामुळे घरघर कमी, पण पेटीला हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात.

क्लास डीची एक खोड जोडणीत महागात पडू शकते. त्यातल्या बहुतेकांचं आउटपुट ब्रिज केलेलं असतं, म्हणजे काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, तिथेही सिग्नल असतो. दोन्ही चॅनेलचे काळे टर्मिनल एकत्र करणारा स्पीकर सिलेक्टर लावला, किंवा सबवूफरची स्पीकरवरून घेतलेली जोडणी न विचारता केली, तर अ‍ॅम्प उडू शकतो. जुन्या क्लास एबीमध्ये बहुधा हे चालून जायचं, म्हणून सवयीने हात तिकडे जातो.

चालू करताना आधी प्रीअ‍ॅम्प, शेवटी पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना उलट. दोन्ही जातींना हेच.

बिघडल्यावर

विकणारे यावर गप्प असतात आणि माझं सतरा किलोचं प्रेम शेवटी इथे येऊन टिकलं. माझ्या अ‍ॅम्पचा उजवा चॅनेल चार वर्षांपूर्वी गेला होता. लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यात कारागिराने झाकण उघडलं, दोन आउटपुट ट्रान्झिस्टर आणि एक रेझिस्टर बदलला, संध्याकाळी अ‍ॅम्प परत. पंधरा-वीस वर्षांनी कपॅसिटर सुकतील, तेही तिथेच बदलून मिळतील. सगळे भाग मोठे, डोळ्यांना दिसणारे, बाजारात मिळणारे.

भावाचा अ‍ॅम्प त्याच कारागिराला दाखवला. त्याने बोर्ड उजेडाकडे धरला आणि म्हणाला, “साहेब, चिप गेली तर अख्खा बोर्ड मागवा, याच्यात हात घालण्यात अर्थ नाही.” बोर्ड मिळाला तर दहा मिनिटांचं काम. कंपनीने मॉडेल बंद केलं असेल तर पेटी भंगारात. पण दोन किलोच्या अ‍ॅम्पच्या किमतीत माझ्या अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरची जेमतेम सोय होईल, हेही खरं.

मग घ्यावा कोणता? भाड्याच्या घरात राहत असाल, अकरा महिन्यांनी सामान हलवायचं असेल, अ‍ॅम्प बंद कपाटात जाणार असेल, तर क्लास डी घ्या आणि मागे वळून पाहू नका. फक्त स्पीकर ४ ओहमचे असतील तर सर्वांत स्वस्त पेटी टाळा. घर स्वतःचं आहे, अर्थिंग नीट आहे, हवेशीर जागा आहे आणि एकच वस्तू वीस वर्षं वापरायची सवय आहे, तर क्लास एबी. ‘आवाज उबदार असतो’ एवढ्यासाठीच घेणार असाल तर आधी डोळे मिटून दहा फेऱ्या ऐका.

जुना क्लास एबी चोर बाजारात स्वस्तात मिळतो, हा मोह मलाही होतो. तिथल्या जपानी अ‍ॅम्पच्या पाठीवरची पट्टी मोबाइलच्या उजेडात वाचा. १०० व्होल्ट छापलं असेल तर तो आपल्या २३० वर थेट लावता येणार नाही, स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि तोही अ‍ॅम्पच्या भुकेपेक्षा मोठा. म्हणजे सतराचे पंचवीस किलो झाले. लिफ्ट चालू आहे ना, ते निघण्याआधी वॉचमनला विचारा.