कामेच्छा मावळली तर: रोजची गोळी, गरजेपुरतं इंजेक्शन की 'रिसर्च' कुपी?

सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, रक्तप्रवाह वाढवतं. इच्छा जागते ती मेंदूत, तिथे त्याचं काही चालत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१५ मध्ये फ्लिबॅन्सेरिन आणि २०१९ मध्ये ब्रेमेलॅनोटाइड मंजूर केलं, ते पाळी सुरू असलेल्या स्त्रियांसाठी. अट अशी की इच्छा पूर्वी होती, आता राहिली नाही आणि त्याचा मनस्ताप होतो. नैराश्याच्या गोळ्यांमुळे किंवा घरातल्या ताणामुळे ती गेली असेल, तर आधी त्याकडे बघा.

फ्लिबॅन्सेरिन मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या रिसेप्टरांवर (ते टिपणाऱ्या जागांवर) काम करतं. १०० मिग्रॅची गोळी रोज, झोपतानाच. दिवसा घेतली तर रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. एक-दोन पेग झाले असतील तर निदान दोन तास थांबायचं; तीन किंवा जास्त झाले तर त्या रात्रीची गोळी नाही. यकृताचा आजार असेल तर हा पर्याय बाद. अंगावरून पांढरं जाणं बुरशीमुळे असेल तर डॉक्टर सहज फ्लुकोनाझोल लिहून देतात. ही जोडी धोक्याची आहे, तेव्हा डॉक्टरांना या गोळीबद्दल आवर्जून सांगा.

ब्रेमेलॅनोटाइड, म्हणजेच पीटी-१४१, हे पेप्टाइड (प्रथिनासारखा छोटा रेणू) मेंदूतल्या मेलॅनोकॉर्टिन रिसेप्टरांना चेतवतं. १.७५ मिग्रॅ, पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली, संबंधाच्या किमान ४५ मिनिटं आधी. २४ तासांत एकदाच, महिन्यात आठच्या वर नको. दहापैकी चौघींना मळमळ होते, बहुधा पहिल्याच वेळी. रक्तदाब थोडा वेळ चढतो, म्हणून बीपी आटोक्यात नसेल किंवा हृदयविकार असेल तर घ्यायचंच नाही. चेहरा, हिरड्या, स्तन काळवंडू शकतात. सावळ्या त्वचेला हा धोका जास्त, आणि डाग जातीलच असं नाही.

गुण दोन्हींचा बेताचाच. क्वचितच गरज असेल आणि बीपी ठीक असेल तर आम्ही इंजेक्शन सुचवू; सुई नको आणि दारू घेत नसाल तर गोळी. आठ आठवड्यांत फरक नाही पडला तर बंद करा.

'फक्त संशोधनासाठी' म्हणून ऑनलाइन मिळणाऱ्या पीटी-१४१ पावडरच्या कुपीला आमचा साफ विरोध आहे. आत काय, किती आणि निर्जंतुक आहे का, याची हमी कुणीच देत नाही. त्यात सिरिंजचा घोळ. डोसाचे परदेशी तक्ते यू-१०० इन्सुलिन सिरिंज (एका मिलिलिटरला १०० युनिट) धरून असतात, आपल्याकडे लाल टोपणाची यू-४० (एका मिलिलिटरला ४० युनिट) सर्रास मिळते. तिच्यावर तेवढेच 'युनिट' ओढले की अडीचपट औषध अंगात जातं: १.७५ च्या जागी जवळजवळ ४.४ मिग्रॅ.